आमची वाटचाल : सांगलीच्या पेठेतलं एक थिएटर

आमच्या घरात सिनेमा आला तो तंबूतून. माझे आजेसासरे, ज्यांना सगळी पेठ अण्णा म्हणायची, दिवाळी झाली की टुरिंग टॉकीज घेऊन निघायचे ते मृगाच्या तोंडावर सांगलीला परत यायचे. खरसुंडीचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, पुसेगावचे सेवागिरी महाराज, औंधची यमाई; जिथे जत्रा तिथे तंबू. ट्रकमध्ये एक प्रोजेक्टर, एक जनरेटर, बांबू, कनाती आणि पत्र्याच्या पेटीत रिळं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत लोक शेंगा फोडत बसायचे. बायकांची जागा मधे कनात लावून वेगळी केलेली असायची. अण्णांचा हिशेब त्या कनातीवरून चालायचा. पुरुषांच्या बाजूला गर्दी झाली तर एक खेळ चालतो, बायकांच्या बाजूला झाली तर मुक्काम वाढवावा लागतो, असं ते म्हणायचे. कारण बाई एकटी येत नाही. ती जावेला, नणंदेला, शेजारणीला आणि पोरांना घेऊन येते, आणि चित्रपट आवडला तर घरी जाऊन पुरुषांनाही पाठवते.

पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला त्या सुमारास अण्णांनी तंबू आवरला आणि हळदीच्या बाजारापासून चालत येण्याच्या अंतरावर पक्कं थिएटर बांधलं. खाली थर्ड क्लास आणि स्टॉल, वर बाल्कनी, मिळून साडेसातशेच्या आसपास खुर्च्या. नकाशा काढून घेताना त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. बायकांसाठी वेगळी तिकीट खिडकी, आणि बायकांची स्वच्छतागृहं पुरुषांच्या दुप्पट. त्या काळी कंत्राटदाराला ही जागेची नासाडी वाटली होती. आज मी हिशेब बघते तेव्हा इमारतीतली सगळ्यात शहाणी गुंतवणूक तीच होती असं माझं ठाम मत आहे. खुर्ची मोडकी असली तर बाई चालवून घेते. पण लहान पोराला घेऊन जायला नीट जागा नसेल तर ती पुन्हा येत नाही.

लेडीज खिडकीवर माझ्या सासूबाई बसायच्या. आम्ही त्यांना आई म्हणतो. कोणत्या गल्लीतल्या बायका कोणत्या वारी येतात, कोण स्टॉलचं तिकीट काढते आणि कोण बाल्कनीचं, हे त्यांना तोंडपाठ असायचं. दुपारी ३ चा खेळ आमचा मुख्य खेळ झाला तो त्यांच्यामुळे. सकाळचं घरकाम, मागचं आवरणं झाल्यावर बाई निघू शकते, आणि ६ वाजता सुटली की तासगाव, भिलवडी, कसबे डिग्रजच्या एसट्या मिळून ती दिवेलागणीपर्यंत घरी पोचते. चित्रपट लांब असला तर दादा, म्हणजे माझे सासरे, मध्यंतर आखडायचे, पण एसटी चुकू द्यायचे नाहीत.

आमचा गल्ला पिकांवर हलायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं थिएटर नटांवर चालतं. सांगलीत ते साखर कारखान्याच्या बिलावर चालायचं. उसाचं बिल निघालं की त्या आठवड्यात बाल्कनी भरायची. हळदीचे सौदे सुरू झाले की हमाल मंडळी रात्री ९ च्या खेळाला थेट बाजारातून यायची आणि थर्ड क्लास पिवळा दिसायचा. तासगावकडे द्राक्षं पावसात सापडली, की तिकडच्या गावांतलं माणूस दोन-दोन महिने फिरकायचं नाही. दादा वितरकाशी करार करताना आधी पाऊसपाणी बघायचे. चांगला हंगाम असेल तर मिनिमम गॅरंटीवर, म्हणजे वितरकाला ठरलेली रक्कम कबूल करून चित्रपट घ्यायचे, नाहीतर गल्ल्याच्या टक्केवारीवर. मीही तेच शिकले आहे, फक्त हल्ली उसाच्या दरासोबत परीक्षांचं आणि क्रिकेटचं वेळापत्रकही बघावं लागतं.

ऑपरेटरच्या खोलीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ती आता कुठेच बघायला मिळत नाही. आमच्याकडे दोन प्रोजेक्टर होते, कार्बनवर चालणारे. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये वीज पेटवायची. तोच पडद्यावरचा उजेड. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, म्हणून ऑपरेटरला सारखं काचेतून बघत त्या पुढे सरकवाव्या लागत. जरा दुर्लक्ष झालं की चित्र पिवळं पडायचं आणि खालून शिट्ट्या. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं आणि तीन तासांचा चित्रपट म्हणजे सोळा हजार फूट फिल्म. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा चेंजओव्हर, म्हणजे खेळ पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचा. प्रेक्षकाला कळताही कामा नये. आमचे ऑपरेटर मामा हे काम इतकं सफाईने करायचे की मी लग्न होऊन आले तेव्हा मशीन दोन आहेत हेच मला माहीत नव्हतं. जुन्या प्रिंटला, म्हणजे चित्रपटाच्या फिल्मवरच्या प्रतीला, इतके जोड असायचे की ती आली की मामा रात्रभर रिवाइंडरवर बसून बोटांनी कडा तपासायचे, कडेची भोकं फाटली असतील तेवढा तुकडा कापून फिल्म चिकटवायच्या सिमेंटने नवे जोड द्यायचे. चित्रपटाआधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट किंवा समाचार चित्र दाखवणं परवान्यानुसार बंधनकारक होतं. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या कित्येक बायकांनी धरणं, कारखाने, दुष्काळी कामं त्यातच पाहिली, आणि आईंच्या मते त्या मुख्य चित्रपटाइतक्याच मन लावून ते बघायच्या.

१९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ गल्लीबोळांत व्हिडिओ पार्लरं. आधी तरुण पोरं गेली. त्याचं फारसं वाटलं नाही. पण जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि पेठेतल्या बायका टीव्ही असलेल्या घरात जमायला लागल्या, तेव्हा दादांना खरी भीती वाटली. एकत्र बसून बघण्याची त्यांची जागा बदलली होती. त्या काळात दोन वर्षं लेडीज खिडकी बंद ठेवून एकाच खिडकीवर तिकिटं दिली गेली. ते आईंना फार लागलं होतं.

ती खिडकी १९९१ मध्ये 'माहेरची साडी'ने उघडली. खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या. पेठेत ट्रॉल्या लावायला जागा नव्हती, म्हणून त्या नदीकाठी उभ्या करून बायका रांगेने चालत यायच्या. पुन्हा खिडकीवर बसलेल्या आईंना जेवायला फुरसत मिळायची नाही. समीक्षकांनी त्या चित्रपटाबद्दल काहीही म्हटलेलं असो, मला एवढंच दिसतं की कुणीतरी या बायकांसाठी चित्रपट काढला आणि त्यांनी त्याला भरभरून परत दिलं.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं अवघड गेली. घरोघरी केबल आली. मल्टिप्लेक्सना राज्याच्या धोरणानुसार सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात सूट मिळाली, आमच्यासारख्या जुन्या एकपडदा थिएटरांना ती नव्हती. आजूबाजूच्या कित्येक थिएटरांनी सकाळच्या खेळाला 'फक्त प्रौढांसाठी'चे चित्रपट लावायला सुरुवात केली. त्यावर पैसे मिळत होते हे खरं आहे. वितरकही मागे लागले होते. दादांनी सरळ नकार दिला, आणि त्याचं कारण त्यांनी नीतीचं दिलं नाही. ते म्हणाले, तसलं पोस्टर एकदा दाराला लागलं की त्या दारातून बाई पुन्हा आत येणार नाही, आणि बाई नसेल तर आपण दहा वर्षांत गोडाऊन होऊ. त्या निर्णयापायी सकाळचा खेळ बंद राहिला, दोन डोअरकीपर कमी करावे लागले, घरातलं थोडं सोनंही गेलं. पण ते पोस्टर आमच्या दाराला लागलं नाही याचा मला आजही अभिमान वाटतो.

१३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात आग लागून ५९ माणसं गेली. बाल्कनीतल्या लोकांना बाहेर पडायची वाट अडली होती. आमच्या बाल्कनीत दुपारच्या खेळाला निम्म्याहून जास्त बायका आणि मुलं असायची. नियम कडक झाले, तपासण्या वाढल्या, पण दादा त्यासाठी थांबले नव्हते. बातमी आली त्या महिन्यातच त्यांनी बाल्कनीची कडेची एक ओळ काढून दुसरा जिना बांधायला घेतला.

फिल्म जाऊन डिजिटल प्रोजेक्टर आले तेव्हा व्यवहार मी बघायला लागले होते. पूर्वी प्रिंट महाग, त्यामुळे मोजक्याच निघायच्या, आणि मुंबई-पुण्यात चित्रपट लागून गेल्यावर कित्येक आठवड्यांनी आमची पाळी यायची. तोवर पायरेटेड सीडी पेठेत विकली जात असे. डिजिटलने ते बदललं. मुंबईत शुक्रवारी लागतो तो चित्रपट आमच्याकडेही शुक्रवारीच लागू लागला. मामांना नव्या मशीनवर करण्यासारखं फार काही उरलं नाही, पण पडद्यावरचा उजेड आणि आवाज अजून तेच ठरवतात. २०१६ च्या उन्हाळ्यात 'सैराट' आला तेव्हा सकाळी लवकरचा आणि मध्यरात्रीचा असे जादा खेळ लावावे लागले. फिल्मच्या काळात तेवढे खेळ एका प्रिंटने सोसलेच नसते.

मग ऑगस्ट २०१९ आला. सांगलीत आम्ही पूर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या आकड्यात मोजतो. ४५ फूट म्हणजे धोका. २००५ मध्ये पाणी आमच्या लॉबीच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबलं होतं, त्यामुळे आम्हाला वाटत होतं की त्याच्या वर जाणार नाही. या वेळी पातळी ५७ फुटांवर गेली. थिएटरचा तळमजला पाण्यात बुडाला आणि दिवसचे दिवस बुडालेला राहिला. प्रोजेक्टर वर होता म्हणून वाचला. खालच्या सगळ्या खुर्च्या, पडद्यामागचे स्पीकर, जनरेटर, विजेचं पॅनेल, पडद्याचा खालचा भाग, सगळं गेलं. अण्णांच्या हातची जुनी कलेक्शनची रजिस्टरं आम्ही गच्चीवर पान-पान उघडून वाळवली, त्यातली निम्मी वाचली. विम्याची रक्कम नुकसानीच्या मानाने फारच थोडी होती. गाळ काढायला बाजारातले हमाल आले, शेजारच्या गल्लीतल्या बायका आल्या. कुणी मजुरी घेतली नाही.

दिवाळीनंतर कसंबसं सुरू केलं आणि मार्च २०२० मध्ये करोनामुळे पुन्हा कुलूप लागलं. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेची परवानगी आली, पण दाखवायला नवे चित्रपट नव्हते. पुन्हा बंद. जुलै २०२१ मध्ये पाणी परत ५० फुटांच्या वर गेलं. अखेर २२ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली थिएटरं उघडली. या काळात जागा विकत घेऊ म्हणणारे बरेच येऊन गेले. घरात मतभेद झाले, आणि ते स्वाभाविक होते.

आम्ही चालू ठेवायचं ठरवलं, पण वेगळ्या मापात. खाली आता तीनशेच्या आसपास खुर्च्या आहेत आणि त्या पाच-पाचच्या जोडणीत बोल्टवर बसवल्या आहेत. आयर्विनची पातळी ३५ फुटांवर गेली की आम्ही बोल्ट काढून त्या बाल्कनीत चढवायला सुरुवात करतो. पॅनेल आणि जनरेटर पहिल्या मजल्यावर नेले. पडद्यामागचे स्पीकर उंच लोखंडी घोडीवर आहेत. पडदा एकच ठेवला. तीन छोटे पडदे करा असा सल्ला खूप जणांनी दिला होता, पण दोनशे बायका एकदम हसतात तेव्हा जे होतं ते साठ खुर्च्यांच्या खोलीत होत नाही.

तिकीट आम्ही १०० रुपयांच्या आत ठेवलं आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा १०० पर्यंतच्या तिकिटाला १८ टक्के लागायचे, २०१९ पासून १२ आणि सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. हा फरक आम्ही तिकिटातच उतरवला. पेठेतल्या चौघीजणी आल्या तर तिकिटं, शेंगदाणे आणि चहा मिळून पाचशेची नोट मोडून काही परत मिळालं पाहिजे, हे आमचं गणित आहे.

जुलै २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा ८५ च्या पुढे गेलेल्या आई हट्टाने खिडकीवर येऊन बसल्या. नऊवारी नेसून, गजरे माळून भजनी मंडळं आली, भिशीचे गट आले. मध्यंतरात पडद्यासमोर फुगड्या झाल्या. आम्ही 'फक्त महिलांसाठी'चे खेळ लावले आणि त्यातले बरेचसे दुपारी ३ चेच होते.

त्याच गर्दीत एक गोष्ट लक्षात आली. १९९१ मध्ये ट्रॉलीतून उतरून आलेल्या कित्येकजणी आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि आमच्या दाराच्या पाच पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. म्हणून या उन्हाळ्यात बाजूच्या दाराला रॅम्प आणि दोन्हीकडून कठडा करतो आहोत, आणि मागच्या दोन ओळींतल्या खुर्च्यांमधलं अंतर वाढवतो आहोत. स्वच्छतागृहांपैकी दोन कमोडची होतील. काम सकाळीच चालेल. ३ चा खेळ नेहमीसारखा सुरू राहील.