कुपनाची मागची बाजू

सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी सहा वर्षं कॅश काउंटरला होते. खोटी नोट डोळ्यांना नंतर दिसते, बोटांना आधी कळते, हे तिथे अंगवळणी पडलं. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा मोजून मोजून बोटं इतकी काळी पडायची की रात्री भाकरी थापायला बसलं तरी हाताला नोटांचा वास यायचा.

पुढच्या वर्षी नवऱ्याच्या मागोमाग न्यू जर्सीला आले. 2015 पासून एच-फोरवाल्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या, काही बायकांना कामाचं परमिट मिळायला लागलं होतं. नवऱ्याचं आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर झालेलं असल्यामुळे मलाही ते मिळालं. दोन-तीन बँकांत अर्ज टाकले, कुणी विचारलंसुद्धा नाही. शेवटी एडिसनजवळच्या एका सुपरमार्केटात कॅशियर म्हणून लागले. 2018 साल. न्यू जर्सीत किमान वेतन तेव्हा तासाला 8 डॉलर 60 सेंट होतं, आणि मला जवळपास तेवढंच मिळायचं. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे परत गल्ल्यावरच बसलीस की!"

"आई, इथे बसत नाहीत. आठ तास उभं राहायचं असतं."

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

शिकवणी दोन दिवसांची. त्यातला मोठा भाग भाज्या-फळांचे गल्ल्यावर टाइप करायचे नंबर पाठ करण्यात गेला. केळी 4011, हा नंबर मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. कुपनांना दहा मिनिटं. तारीख बघा, माल बघा, स्कॅन करा, गल्ल्यातल्या खालच्या खणात टाका. ती दहा मिनिटं किती अपुरी होती हे पहिल्याच रविवारी कळलं.

तिकडे रविवारच्या पेपरात कुपनांच्या गुळगुळीत पुरवण्या यायच्या. त्या कापून, तारखेवार लावून, दुकानाच्या सेलशी जुळवून माल जवळजवळ फुकटात नेणारी एक जमातच आहे. 2010 च्या शेवटी टीव्हीवर त्यांच्यावर कार्यक्रम सुरू झाला आणि जो तो कात्री घेऊन बसला, असं माझ्या लेनवर दर रविवारी येणारी एक आजी सांगायची. तिला मी मनात बाइंडर-आजी म्हणायचे. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका. मुलं क्रिकेटपटूंचे फोटो लावतात तसल्या प्लास्टिकच्या कप्प्यांची जाडजूड फाइल तिच्याकडे असायची, त्यात साबण, तृणधान्यं, मांजराचं खाणं असे विभाग. रांगेत तिच्या मागे कुणी उभं राहिलं की ती वळून स्वतःच सांगायची, "माझ्याकडे कुपनं आहेत, तुम्ही शेजारच्या लेनला जा."

तिचा हिशेब मला फार आवडायचा. आमचं दुकान 99 सेंटपर्यंतचं कुपन दुप्पट करायचं. मोहरीच्या सॉसची बाटली सेलमध्ये 1 डॉलर 29 सेंट, कुपन 50 सेंटचं, दुप्पट होऊन एक डॉलर. बाटली पडली 29 सेंटला. शाम्पूच्या बाटलीवर ती कधीकधी काहीच द्यायची नाही, फक्त कर द्यायची. कारण कंपनीच्या कुपनाचे पैसे दुकानाला नंतर कंपनीकडून मिळतात, त्यामुळे विक्रीकर मूळ किमतीवर लागतो. हे मला बाकी कुणी नाही, तिनेच सांगितलं. कुपनाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिलेलं असतं तेही तिनेच चष्मा काढून, कागद नाकाशी धरून वाचून दाखवलं. नक्कल केल्यास रद्द. दुसऱ्याला दिल्यास रद्द. कंपनी दुकानदाराला देणार कुपनाची दर्शनी किंमत अधिक 8 सेंट हाताळणी. रोख मूल्य सेंटचा शंभरावा भाग. "म्हणजे शंभर कुपनं आणलीस तर मी तुला एक सेंट देईन," असं मी म्हटलं तर ती एवढी हसली की मागच्या लेनवरची मुलगी वळून बघायला लागली.

आमच्या ब्रेकरूममध्ये अशा गिऱ्हाइकांबद्दल फारसं चांगलं बोललं जात नसे. रांग तुंबते, कुपनं एकेक करून स्कॅन करावी लागतात, एखादं अडकलं की सुपरवायझरची वाट बघत उभं राहायचं. मला मात्र त्यात आईच दिसायची. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी, गणपती पेठेत चार दुकानं फिरून पाव किलो जिऱ्याचा भाव ठरवणारी. चिकटपणा म्हणा हवं तर. पण त्यात लबाडी नसते.

तर तो दिवस. ऑक्टोबर 2019 मधला रविवार, दुपारचे तीन. आजीचं बिल नुकतंच झालं होतं, 118 डॉलरचं 21 वर आलं होतं, आणि एक कुपन दुप्पट झालं नाही म्हणून ती ग्राहक सेवेच्या काउंटरकडे गेली होती. मागून एक तिशीतली बाई दोन गाड्या ढकलत आली. एकीत डायपर, दुसरीतही डायपर. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून तिचा चेहरा खुलला.

"अय्या, तुम्ही मराठी?"

मीही खुलले. ती ठाण्याची, दोन वर्षं झाली येऊन. बाळ सात महिन्यांचं. सांगलीची म्हटल्यावर हळदीचा विषय निघाला. बोलता बोलता मी माल स्कॅन करत होते. 16 पाकिटं, प्रत्येकी 9.99, एकूण 159 डॉलर 84 सेंट. मग तिने पर्समधून कुपनांची एक नीट गड्डी काढली. सोळा कुपनं, प्रत्येक 9 डॉलरचं. म्हणजे 144 वजा होऊन बिल राहणार 15 डॉलर 84 सेंट.

पहिलं स्कॅन केलं. बीप, नऊ डॉलर वजा. दुसरं, बीप. तिसरं, बीप. चौथं उचललं आणि हात थांबला.

डायपरचं नऊ डॉलरचं कुपन मी तोवर पाहिलेलं नव्हतं. एक, दोन, फार तर तीन डॉलर. पण हात त्यामुळे थांबला नव्हता. कागद जाड होता, कोरडा. पेपरातल्या पुरवणीचा कागद पातळ आणि निसरडा असतो, बोटावरून सुळकन जातो. कुपन उलटून पाहिलं तर मागे कोरं पांढरं. पुरवणीची पानं दोन्ही बाजूंनी छापलेली असतात, त्यामुळे तुम्ही कुठलंही कुपन कापा, त्याच्या मागे दुसऱ्या कशाची तरी अर्धीमुर्धी जाहिरात असतेच.

मग दिसली ती घडी. कुपनाच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक तिरकी रेघ होती, कागद दुमडून पुन्हा सरळ केल्यावर पडते तशी. त्यावरून अंगठा फिरवला. काही लागलं नाही. डोळ्यांना दिसणारी घडी हाताला नव्हती. पाचवं पाहिलं, त्याच जागी तीच घडी. सहावं, सातवं, तेच. मूळ कुपन कुणाच्या तरी खिशात दुमडलं गेलं होतं, आणि त्याच्या घडीसकट नकला निघाल्या होत्या.

मशीन मात्र खुशाल बीप करत होतं. लोकांना वाटतं, स्कॅनरने घेतलं म्हणजे खरं. आमच्या मशीनला एवढंच कळायचं की या कंपनीचा, या जातीचा माल बिलात आहे का, तारीख उलटली आहे का, आणि किती वजा करायचे. असं कुपन कंपनीने मुळात काढलं होतं का, हे त्याला त्या वेळी कुणाला विचारताच येत नव्हतं. बँकेत उलटं असायचं. खरीच पण मळकी नोट मोजणीच्या मशीनने बाहेर फेकली की ती हाताने तपासून घ्यायची. इथे मशीन घेत होतं आणि हात नको म्हणत होता.

मी लेनचा दिवा लावला. सुपरवायझरला बोलवायचं असलं की लेनच्या डोक्यावरचा तो दिवा लुकलुकतो.

"काय झालं?" ती म्हणाली.

"ही कुपनं दाखवून घ्यावी लागतील."

तिने मागच्या रांगेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अगं, राहू दे ना. मशीन घेतंय की. तुझं काय जातंय? कंपनीचं जातंय."

'तुम्ही'वरून 'तू'वर ती कधी आली ते मला कळलंही नाही.

माझं काय जात होतं ते मला नेमकं माहीत होतं. दुकानाच्या गल्ल्यातली कुपनं पेट्यांत भरून क्लिअरिंगहाउसला जातात. तिथे मोजणी होऊन कंपनीकडे मागणी जाते. खोटं निघालं की कंपनी हात वर करते आणि तेवढी रक्कम दुकानाच्या बोकांडी बसते. त्याच उन्हाळ्यात अशी एक फेटाळलेली गड्डी परत आली होती. मॅनेजरने आम्हा सगळ्यांना उभं करून ऐकवलं, त्यातली काही कुपनं रंगीत प्रत काढून ब्रेकरूमच्या भिंतीवर लावली. त्यातली किती माझ्या हातून गेली होती, कोण जाणे. पण त्या भिंतीसमोर बसून डबा खाताना घास उतरायचा नाही.

हे सगळं तिला मराठीत सांगायला गेले तर मागच्या रांगेला वाटणार, दोघींचं संगनमत आहे. मी म्हटलं, "ताई, मला नाही घेता येणार."

"आपल्या माणसाला असं करतेस?"

तेवढ्यात सुपरवायझर आली. वीस वर्षं याच दुकानात काढलेली. आम्हाला सक्त सूचना असते की गिऱ्हाइकाला 'खोटं', 'चोरी' असले शब्द वापरायचे नाहीत. एकच वाक्य ठरलेलं: ही कुपनं आम्हाला स्वीकारता येत नाहीत. तिने दोन कुपनं उजेडाकडे धरली, मी घडीवर बोट ठेवलं, तिने मान हलवली आणि तेच वाक्य अगदी गोड आवाजात म्हटलं.

"मी पैसे मोजून घेतलीत ही," ती बाई इंग्रजीत म्हणाली. "फेसबुकच्या ग्रुपवरून. चाळीस डॉलर दिलेत. खोटी कशी असतील?"

सुपरवायझरने विचारलं, "सोळाही तिथूनच घेतलीत?"

ती गप्प झाली. चार घेतली असतील, किंवा एकच. बाकीची कुठल्या मशीनवर निघाली ते तिचं तिला ठाऊक. मी तिच्याकडे बघितलं नाही, कॅश ड्रॉवरच्या किल्लीकडे बघत राहिले. चिडायला हवं होतं, पण सात महिन्यांच्या बाळाला सोळा पाकिटं लागतात कशाला, विकायची होती का, असलं काहीतरी डोक्यात फिरत होतं. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की हिला कुणीतरी चाळीस डॉलरला गंडवलंय, आणि हळदीवर बोलत होतो तेव्हा ही किती मोकळं हसत होती.

तिन्ही कुपनं बिलातून काढली. पूर्ण पैसे देऊन घ्यायचं का विचारलं. तिने एक पाकीट घेतलं, कार्ड फिरवलं आणि गेली. दोन्ही गाड्या लेनच्या तोंडाशीच राहिल्या. गिऱ्हाइकाने सोडलेल्या मालाला आम्ही 'गो-बॅक' म्हणतो. शिफ्ट संपल्यावर पंधरा पाकिटं मीच शेल्फवर नेऊन लावली.

बाइंडर-आजीने काउंटरवरून सगळं पाहिलं होतं. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाली, "आता बघ, यांच्यामुळे नियम बदलणार." आणि झालंही तसंच. नाताळच्या आत पाटी लागली: एका घराला एका दिवशी एकसारखी चारच कुपनं. त्याची झळ लागली ती आजीला. दर रविवारी सहा पेपर विकत घेणारी ती, तिचे दोन पेपर कमी झाले.

हा उद्योग किती मोठा असतो ते मला पुढे कळलं. 2012 मध्ये अॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये तीन बायकांना पकडलं तेव्हा पोलिसांनी त्यांच्याकडून बंदुका, गाड्या आणि स्पीडबोटसुद्धा जप्त केली होती. आणि 2021 च्या सप्टेंबरमध्ये बातमी वाचली, व्हर्जिनिया बीचच्या एका बाईला 12 वर्षांची कैद. घरच्या कॉम्प्युटरवर ती कुपनं बनवायची, टेलिग्रामवरून विकायची, नुकसान 3 कोटी 10 लाख डॉलरच्या वर. बारकोड इतका अचूक की पंचवीस डॉलरच्या डायपरच्या खोक्यावर 24.99 सूट देणारं कुपनही मशीन घ्यायचं. डायपर शब्दावर मी थांबले. आमच्या लेनवरची कुपनं कुठून आली होती हे कळायला मार्ग नाही, पण बातमी मी दोनदा वाचली.

ती ठाण्याची बाई पुन्हा आली होती, त्याच वर्षी, डिसेंबरात. मला वाटलं होतं ती माझी लेन टाळेल. दुसऱ्या दोन लेन रिकाम्या होत्या. बाळ गाडीच्या सीटवर, टोपी घातलेलं. टोमॅटो, दही, डायपरचं एक पाकीट, भांड्यांचा साबण. नमस्कार नाही, काही नाही. मीही तोंडातून फक्त "हाय" काढलं.

माल संपल्यावर तिने पर्स उघडली आणि दोन कुपनं पट्ट्यावर ठेवली. उलटी. छापील बाजू खाली, मागची बाजू वर. एकावर कुत्र्याच्या खाण्याची अर्धी जाहिरात होती, कुत्र्याचा कान आणि एक डोळा. दुसऱ्यावर कसल्याशा सूपचा वाडगा, मधोमध कापलेला. कडा कात्रीने जरा वाकड्या गेल्या होत्या.

मी ती उचलून सरळ केली आणि स्कॅन केली. साबणाचं 75 सेंटचं, दुप्पट होऊन दीड डॉलर. डायपरचं दोन डॉलरचं.

"साडेतीन वाचले," मी म्हटलं.

"तिखट कुठून आणता हो तुम्ही?" ती म्हणाली.