तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्टच न्याय देत नसेल तर?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत कायदा हातात घेणाऱ्या ज्या टोळ्या निघाल्या, त्यांच्याबद्दल मी कुठेही बोललो की एक प्रश्न ठरलेला असतो: "पण कोर्टच न्याय देत नसेल, तर गावकऱ्यांनी करायचं काय?"

प्रश्न खोटा नाही. मिझुरीतल्या टेनी काउंटीचंच बघा. यादवी युद्ध संपून वीस वर्षं झाली होती, पण युद्धातली वैरं मिटली नव्हती. खून पडत होते आणि आरोपी सुटत होते. ज्यूरीत कुणाचा मेहुणा असायचा, तर कुणी साक्ष द्यायलाच धजत नसे. 1883 मध्ये जिम एव्हरेट नावाच्या व्यापाऱ्याचा गोळी घालून खून झाला, आणि पुढच्या वर्षी आरोपी निर्दोष सुटला. लोकांचा संताप मला पूर्ण समजतो.

नॅट किनी या धिप्पाड माणसाने 1885 च्या एप्रिलमध्ये लोकांना एका बोडक्या डोंगरमाथ्यावर बोलावलं. वर झाडं नाहीत, त्यामुळे कुणीही चढून आलं तर लांबूनच दिसणार. तिथे शपथा झाल्या. असल्या माथ्यांना तिकडे 'बाल्ड नॉब' म्हणतात, म्हणून हे 'बाल्ड नॉबर्स'. त्यांच्यात वकील होते, दुकानदार होते, गावातली प्रतिष्ठित माणसं होती.

आता त्यांचं पहिलं मोठं काम ऐका. फ्रँक आणि ट्यूबल टेलर या दांडगट भावांनी उधारीच्या भांडणातून एका दुकानदारावर आणि त्याच्या बायकोवर गोळ्या झाडल्या. दोघंही वाचली. टेलर बंधू स्वतःहून हजर झाले आणि फोरसिथच्या तुरुंगात गेले. त्याच महिन्यात एका रात्री जमावाने तुरुंग फोडून त्यांना बाहेर काढलं आणि झाडाला लटकवलं. एकाच्या अंगावर पाटी लावली: हे पहिले बळी आहेत, आणखी होतील. आरोपी कोठडीत होते, खटला व्हायचा होता आणि ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या ती माणसं जिवंत होती. कोर्टाने न्याय नाकारला, असं इथे म्हणताच येत नाही. त्याला संधीच दिली नाही.

पुढे दारावर फोकांची जुडी ठेवायची रीत पडली. गाव सोड, नाहीतर फटके खा, असा तिचा अर्थ. सुरुवात खुन्यांना धडा शिकवण्याच्या नावाखाली झाली होती, पण लवकरच पाळी लाकूडचोरांवर आली, मग बायकोला मारणाऱ्यांवर, मग लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांवर. कुणाला फटके द्यायचे हे रात्री ठरायचं, आणि ज्याच्यावर आरोप तो तिथे नसायचाच. मला सगळ्यात भीती वाटते ती याची. 1886 मध्ये खुद्द किनीने अँड्र्यू कॉगबर्न नावाच्या विरोधकाला गोळी घातली. गव्हर्नरने अधिकारी पाठवल्यावर टेनीतली संघटना कागदोपत्री बरखास्त झाली.

तोवर शेजारच्या ख्रिश्चन काउंटीत तिची शाखा निघाली होती. तिथले लोक शिंगं असलेले काळे मुखवटे घालत. 11 मार्च 1887 च्या रात्री बैठकीहून परतताना त्यांच्यातले काही जण एडन्स कुटुंबाच्या लाकडी घरात घुसले. विल्यम एडन्स आणि चार्ल्स ग्रीन हे दोन तरुण जागीच ठार झाले. म्हातारे जेम्स एडन्स कुऱ्हाडीचा घाव सोसून वाचले.

म्हणूनच तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, ख्रिश्चन काउंटीतला खटला वाचा. त्या भागात ज्यूरी कुणाला दोषी ठरवत नाही, याच सबबीवर हे सगळं सुरू झालं होतं. तिथल्याच कोर्टात, मुखवटेवाल्यांची दहशत असताना, साक्षी झाल्या. टोळीतल्याच काहींनी तोंड उघडलं. ज्यूरीने म्होरक्या डेव्ह वॉकर, त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा विल्यम आणि जॉन मॅथ्यूज यांना दोषी ठरवलं. 1889 च्या मे महिन्यात तिघांना फाशी झाली, आणि तीही इतकी ढिसाळ की विल्यमचा दोर तुटला आणि त्याला पुन्हा वर नेऊन लटकवावं लागलं. त्या फाशीचं समर्थन मी करणार नाही. पण साक्षीदार उभे राहू शकत होते आणि ज्यूरी निकाल देऊ शकत होती, हे तिथे सिद्ध झालं. 1885 मध्ये किनीच्या मागे प्रतिष्ठित माणसं होती, वकील होते, घोडे आणि बंदुका होत्या. ती सगळी ताकद टेलर बंधूंचा खटला नीट चालावा, साक्षीदारांना संरक्षण मिळावं, यासाठी का लावली नाही, हे मला त्यांना विचारायचं आहे.