सातव्या मॅचपर्यंत: बॉस्टन, लॉस एंजेलिस आणि २०१० ची फायनल

त्या काळात एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या फायनलचं वेळापत्रक २-३-२ असं असायचं; सातपैकी चार मॅचेस आधी जिंकेल ती टीम चॅम्पियन. सीझनमध्ये ज्या टीमची कामगिरी सरस, तिच्या घरी पहिल्या दोन मॅचेस, मग सलग तीन समोरच्यांच्या घरी आणि तोवर निकाल लागला नसेल तर शेवटच्या दोन पुन्हा पहिलीकडे. १९८५ ते २०१३ असं चाललं, नंतर बदललं. खेळाडूंना ही पद्धत फारशी आवडायची नाही म्हणतात, पण माझ्यासारख्या बघ्यांची चांगली सोय होती. २०१० मध्ये बॉस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स समोरासमोर आले, तेव्हा मी न्यू जर्सीत नोकरी करत होते आणि माझा मामेभाऊ लॉस एंजेलिसजवळ पॅसाडिनात राहत होता. त्याच्याकडे जायचं कधीपासून चाललं होतंच. मी ठरवून टाकलं: पाचवी मॅच बॉस्टनला बघायची आणि सातवी झालीच तर दादाकडे जाऊन.

पाचव्या मॅचचं तिकीट मिळालं ते अगदी वरच्या बाल्कनीतलं. किंमत सांगत नाही, आई हे वाचते.

तेरा जूनचा रविवार. नूअर्कहून ॲमट्रॅकची ट्रेन पकडली की ती बॉस्टनला साउथ स्टेशनात सोडते, आणि मॅच असते नॉर्थ स्टेशनात. 'स्टेशनात' हे शब्दशः घ्या. टीडी गार्डन हे स्टेडियम नॉर्थ स्टेशनच्या डोक्यावरच बांधलंय. मधलं अंतर रेड लाइन आणि मग ऑरेंज लाइननं कापायचं. डब्यात सेल्टिक्सचा हिरवा शर्ट नसलेली मी एकटीच असेन. एका बाईच्या कडेवरच्या बाळाच्या टोपीवरसुद्धा सेल्टिक्सच्या चिन्हातलं शॅमरॉकचं पान होतं.

हातात वेळ होता म्हणून आधी फॅन्युएल हॉलच्या बाजारात गेले. तिथे बाकावर रेड आउअरबाख बसलेत, ब्राँझचे, हातात सिगार घेऊन. १९५० ते १९६६ ते सेल्टिक्सचे कोच होते आणि त्यात नऊ वेळा टीम चॅम्पियन झाली. मॅच खिशात आली असं वाटलं की ते बेंचवर बसल्या बसल्या सिगार पेटवायचे, मॅच संपायच्या आधीच. समोरच्या टीमच्या किती अंगाला झोंबत असेल! मला विचाराल तर लेकर्स-सेल्टिक्स वैराची अर्धीअधिक मुळं त्या सिगारच्या धुरात आहेत. शेजारी जमिनीवर सेल्टिक्सचा जुना स्टार लॅरी बर्ड याचे ब्राँझचे बूट ठेवलेत. पोरं त्यांच्याशेजारी आपले पाय ठेवून मोजमाप करत होती आणि आया फोटो काढत होत्या.

गार्डनबाहेर गर्दी तीन-चार तास आधीच लोटली होती. महिन्याभरापूर्वीच बसवलेला बॉबी ऑर या हॉकीपटूचा पुतळा तिथे हवेत आडवा झेपावलेला, आणि त्या रात्री त्याच्या हातापायांवरही सेल्टिक्सचे स्कार्फ. एकाच घोषणेचा गजर चालू होता: बीट एल.ए., म्हणजे लॉस एंजेलिसला हरवा. या घोषणेचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९८२ मध्ये सेल्टिक्स इथेच, जुन्या बॉस्टन गार्डनमध्ये, फिलाडेल्फियाकडून सातवी मॅच हरत होते. फायनलची वाट बंद झालेली. तेव्हा प्रेक्षकांनी स्वतःला हरवणाऱ्या फिलाडेल्फियालाच ओरडून सांगितलं, आता निदान एल.ए.ला तरी हरवा. स्वतःच्या पराभवाच्या क्षणी ज्यांना तिसऱ्याचा राग आठवतो, त्या लोकांशी वाद घालू नये. (फिलाडेल्फियाला ते जमलं नाही, तो भाग वेगळा.)

तोवर मालिका २-२ अशी होती, पण कुठल्याच मॅचचा पुढच्या मॅचशी मेळ लागत नव्हता. दुसऱ्या मॅचमध्ये सेल्टिक्सच्या रे ॲलननं आठ थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंटांचे शॉट, मारले, फायनलमधला तेव्हाचा विक्रम. दोनच दिवसांनी तिसऱ्या मॅचमध्ये त्यानं तेरा वेळा बास्केटकडे बॉल मारला आणि तेराही वेळा चुकला. हात तेच, फेकायची लकबही तीच. इतकं सुंदर शूटिंग करणारा माणूस बघत बघत मी हा खेळ शिकले, त्यामुळे ती तेरात शून्य ही आकडेवारी माझ्या डोक्यातून जाईना. ॲलनचा हा दिवस असू शकतो, तर मग मालिका जिंकणार कोण आणि कशाच्या जोरावर?

आतमध्ये माझी जागा इतकी वर होती की छताला टांगलेले सतरा विजेतेपदांचे झेंडे जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत आले. खाली लाकडी चौकटींचं ते प्रसिद्ध पार्केट फ्लोअरिंग. मूळचं पार्केट महायुद्धाच्या दिवसांत लाकडाची टंचाई होती म्हणून ओकचे तुकडे जोडून केलेलं होतं, असं शेजारच्या आजोबांनी मला न विचारताच सांगितलं. ते १९८४ च्या पाचव्या मॅचलाही हजर होते. जुन्या गार्डनमध्ये एसी नव्हता, पारा ९७ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या हिशेबानं छत्तीस अंश. लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार बेंचवर ऑक्सिजनचा मास्क लावून बसला आणि लॅरी बर्डनं त्याच भट्टीत ३४ पॉइंट केले. आजोबा हे अशा चवीनं सांगत होते, जणू तो उकाडा त्यांनीच पेटवला होता.

मॅच सुरू झाली आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोबी ब्रायंटच्या अंगात आलं. दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटापासून लेकर्सचे सलग तेवीस पॉइंट त्याच्या एकट्याचे. एक फेडअवे तर दोन जण अंगावर असताना, मागे पडत पडत. माझ्याभोवतीची माणसं आधी ओरडत होती, मग हसायला लागली, म्हणजे आता काय बोलायचं या अर्थानं. पण स्कोअरबोर्डकडे बघितलं तर सेल्टिक्सची आघाडी वाढतच होती! कोबी एकटा खेळत होता आणि इकडे पॉल पिअर्स, गार्नेट, राँडो आळीपाळीनं बास्केट करत होते. कोबीचे ३८ झाले, पिअर्सचे २७, आणि मॅच सेल्टिक्सनं ९२-८६ अशी घेतली.

शेवटच्या मिनिटातला एक क्षण सांगायलाच हवा. लेकर्स जवळ येत होते, सेल्टिक्सवर पूर्ण कोर्टभर दबाव. गार्नेटनं बेसलाइनवरून बॉल लांब, उंच फेकला. पिअर्सनं तो उडी मारून पकडला, पण तोल गेला आणि तो कोर्टाबाहेर पडू लागला. पडता पडताच त्यानं बॉल पुढे धावणाऱ्या राँडोकडे ढकलला आणि राँडोनं तो आत सोडला. माझ्या उंचीवरून त्या बॉलची अख्खी कमान दिसली. आजोबांनी माझा दंड इतका घट्ट पकडला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

मॅच संपून बाहेर पडेपर्यंत शेवटच्या गाड्यांची वेळ होत आलेली. पूर्व किनाऱ्यावर फायनल बघणं म्हणजे झोपेचं खोबरं. पश्चिमेलाही संध्याकाळ गाठता यावी असं सगळं जुळवलेलं.

मंगळवारची सहावी मॅच मी घरी टीव्हीवर बघितली आणि तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लेकर्स ८९, सेल्टिक्स ६७. पण पहिल्याच क्वार्टरमध्ये सेल्टिक्सचा धिप्पाड सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा, केंड्रिक पर्किन्स गुडघा धरून खाली बसला आणि त्याला उचलून नेलं, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे. मी त्याच रात्री विमानाचं तिकीट काढलं.

लॉस एंजेलिसमध्ये हिरव्याची जागा पिवळ्या-जांभळ्यानं घेतलेली, पण पाळायची रीत वेगळी. बॉस्टनमध्ये अंगावर, इथे गाड्यांवर. फ्रीवेवर दर दुसऱ्या गाडीच्या खिडकीत लेकर्सचा छोटा झेंडा फडफडत होता. दादानंही लावला होता, आणि वहिनीनं तो वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून दोऱ्यानं बांधला होता. "बॉस्टनहून आलीयेस, आता तोंड उघडू नकोस," हे दादाचं स्वागत.

सातव्या मॅचची तिकिटं आमच्या आवाक्यात नव्हती, तरी लेकर्सचं स्टेडियम, म्हणजे तेव्हाचं स्टेपल्स सेंटर, त्याच्या आसपास असायचंच होतं. पॅसाडिनाहून गोल्ड लाइन, युनियन स्टेशनला रेड लाइन, मग ब्लू लाइननं पिको. मॅच सहाला सुरू होणार होती, म्हणजे लख्ख उन्हात. पूर्वेच्या टीव्हीवाल्यांच्या नऊच्या वेळेसाठी एल.ए. आपली चॅम्पियनशिप दिवसाउजेडी खेळत होती. बाहेर लेकर्सचा जुना स्टार मॅजिक जॉन्सन याचा पुतळा आणि त्याच वर्षी बसवलेला चिक हर्न यांचा. हे लेकर्सचे कॉमेंटेटर, सलग ३,३३८ मॅचेसची कॉमेंट्री केलेला माणूस. त्यांच्या टेबलाशेजारी एक रिकामी खुर्ची ठेवलीय. बॉस्टनमध्ये जसे आउअरबाखशेजारी बसत होते, तसेच इथे या खुर्चीत बसायला लोकांची रांग.

दादाच्या पिढीला, आणि त्याच्या ऑफिसातल्या जुन्या लोकांना तर फारच, सेल्टिक्सचं नाव काढलं की १९६९ आठवतं. सातवी मॅच, लेकर्सच्या घरी, आणि मालक जॅक केंट कुक यांनी विजयोत्सवासाठी छताला फुगे बांधून ठेवलेले. सेल्टिक्स १०८-१०६ नं जिंकले. लेकर्सच्या जेरी वेस्टनं ४२ पॉइंट, १३ रिबाउंड (चुकलेला बॉल पकडणं), १२ असिस्ट (साथीदाराच्या बास्केटसाठी दिलेला पास) केले, हरूनही फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हरलेल्या टीममधून तो मान मिळालेला तोच एकटा. १९५९ पासून १९८४ पर्यंत दोघे आठदा फायनलला भिडले आणि आठही वेळा सेल्टिक्स. १९८५ ला पहिल्यांदा हिशेब फिरला. २००८ ला पुन्हा बॉस्टन, शेवटची मॅच ३९ पॉइंटनं. आता ही बारावी फायनल.

आम्ही डाउनटाउनमधल्या एका बारमध्ये, भिंतीला टेकून उभे राहून मॅच बघितली. आणि काय मॅच होती! भयानक. दोन्हीकडून बॉल रिंगवर आपटून बाहेर. पहिल्या क्वार्टरनंतर सेल्टिक्स २३-१४, हाफ टाइमला ४०-३४, तिसऱ्या क्वार्टरमध्ये आघाडी तेरापर्यंत गेली. पाचव्या मॅचचा तोच कोबी चोवीस वेळा मारून सहाच घालू शकला. रे ॲलन चौदात तीन. लेकर्सनं दिवसभरात ८३ शॉट मारले आणि २७ आत गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरांत, टीव्हीवर सगळीकडे 'कुरूप मॅच' असं म्हणत होते. मला ते पटत नाही. शॉट चुकणार हे एकदा धरून चाललं की खेळ दुसरीकडेच सुरू होतो: रिंगखाली, कोपरं आणि खांद्यांच्या गर्दीत. आपल्याच टीमचा चुकलेला बॉल परत मिळवणं म्हणजे ऑफेन्सिव्ह रिबाउंड. लेकर्सनं असे तेवीस मिळवले, सेल्टिक्सनं आठ. पर्किन्स असता तर? रॅशीड वॉलेसनं त्याच्या जागी जीव तोडून खेळ केला, पण वय आडवं आलं. लेकर्सच्या पॉ गॅसोलनं १८ रिबाउंड काढले. २००८ च्या फायनलनंतर ज्याला सगळे 'नाजूक' म्हणत होते, तोच हा. आणि कोबीनं पंधरा. शूटिंग पूर्ण हरवलेला जगातला सर्वांत मानी शूटर उड्या मारून रिबाउंड गोळा करत होता, हे दृश्य मला त्याच्या ३८ पॉइंटपेक्षा जास्त आवडलं. दादा म्हणतो, हा बॉस्टनवाल्यांचा खेळ झाला. तेच तर म्हणतेय मी.

चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सच्या डेरेक फिशरच्या थ्रीनं ६४-६४ झालं आणि बारमधल्या काउंटरवरचे ग्लास खरोखर हलले. शेवटचं मिनिट उरत आलं तेव्हा लेकर्स तीननं पुढे आणि बॉल रॉन आर्टेस्टच्या हातात. हा तोच आर्टेस्ट, २००४ मध्ये प्रेक्षकांत घुसून मारामारी केली म्हणून उरलेला सीझन निलंबित झालेला. तो थ्री मारायच्या पवित्र्यात आला आणि माझ्या शेजारच्या तिघांनी एका सुरात "नको!" म्हटलं. बॉल आत. ७९-७३. त्याच तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग ॲलनचा थ्री, कोबीचे फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट), राँडोचा थ्री, ८१-७९, आणि ११.७ सेकंद उरलेले असताना बेंचवरून उठून आलेल्या साशा वुयाचिचचे दोन शांत फ्री थ्रो. ८३-७९. मुलाखतीत आर्टेस्टनं सगळ्यांसमोर आपल्या मानसोपचारतज्ज्ञाचे आभार मानले. बारमध्ये आधी हशा पिकला आणि मग, का कोण जाणे, टाळ्या.

बाहेर पडलो तर वर हेलिकॉप्टरं, समोर हेल्मेट घातलेले पोलीस, आणि फिगरोआ रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांना खांद्यावर घेत होती. थोड्या वेळानं बाटल्या फुटायला लागल्या, कुठूनतरी जळकट वास आला. जिंकल्यावर स्वतःच्याच शहरात जाळपोळ करायची रीत मला कधीच कळलेली नाही. पिको स्टेशनकडे न जाता आम्ही उलट्या दिशेनं सेव्हन्थ स्ट्रीटपर्यंत चालत गेलो. दादाच्या गळ्यातला झेंडा घामानं चिकटला होता आणि तो वहिनीला फोनवर तिसऱ्यांदा तीच शेवटची दोन मिनिटं सांगत होता.

परतीच्या दिवशी एलएएक्स विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत माझ्यापुढे सेल्टिक्सची टोपी घातलेला एक गृहस्थ होता. बूट काढता काढता तो मागच्या अनोळखी लेकर्सवाल्याला ऐकवत होता, फ्री थ्रो बघा, तुम्हाला सदतीस आणि आम्हाला सतरा, याला काय मॅच म्हणतात? लेकर्सवाला म्हणाला, रिबाउंड त्रेपन्न आणि चाळीस, ते रेफरीनं काढले का? दोघांचे ट्रे मशीनमधून पलीकडे गेले, दोघांनी बूट घातले, आणि गेटकडे जाताना वाद १९८४ वर पोचला होता.