दर आठ तासांनी

स्पॅनिशच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या अभ्यासक्रमात एका सत्रात तीस तासांचे सेवाकार्य बंधनकारक होते. जिथे स्पॅनिश रोजच्या व्यवहारात बोलली जाते अशा ठिकाणी विद्यार्थ्याने जावे, काहीतरी उपयोगी काम करावे आणि ते करता करता भाषेचा सराव व्हावा, असा त्यामागचा हेतू होता. मी एक मोफत आरोग्य केंद्र निवडले. तिथे येणारी बरीचशी कुटुंबे मेक्सिको, ग्वातेमाला आणि होन्दुरासमधून आलेली होती. दर शनिवारी तीन तास मी दाराशी बसून येणाऱ्यांचे स्वागत करत असे, नाव आणि पत्ता विचारून नोंदणीचा अर्ज भरत असे आणि कोणत्या खोलीत जायचे ते सांगत असे.

पहिल्याच दिवशी आम्हाला एक नियम सांगितला गेला. आजार, तपासणी आणि औषध यांविषयी विद्यार्थ्याने एका वाक्याचाही अनुवाद करायचा नाही. त्यासाठी प्रशिक्षित दुभाषी असतील, प्रत्यक्ष किंवा फोनवर. आईवडिलांसाठी त्यांच्या मुलांनाही दुभाषी करायचे नाही. नियमामागची कारणेही आमच्या समन्वयक बाईंनी सांगितली. औषधाच्या बाटलीवर ‘दिवसातून एकदा’ असे इंग्रजीत लिहिलेले असते, त्यातल्या ‘एकदा’साठी ‘once’ हा जो चार अक्षरी शब्द आहे, तोच जसाच्या तसा स्पॅनिशमध्ये वाचला तर ‘अकरा’ होतो. फ्लोरिडात १९८० साली बेशुद्धावस्थेत आणलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले आहे, एवढेच त्यांना म्हणायचे होते. डॉक्टरांनी मात्र त्याचा अर्थ अमली पदार्थांचे अतिसेवन असा घेतला, मेंदूतला रक्तस्राव वेळेत ओळखला गेला नाही आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. हे सगळे मी वहीत नीट उतरवून घेतले. तरीही मनातून मला असे वाटत होते की हे धोके अगदीच कच्च्या विद्यार्थ्यांसाठी आहेत.

या आत्मविश्वासाला एक कारण होते. मराठीतून स्पॅनिशकडे जाणाऱ्याला काही वाटा आयत्याच मोकळ्या मिळतात. वर्गातले इतर विद्यार्थी ‘मे गुस्ता’ या रचनेशी झगडत असत, कारण आवडणारी वस्तू तिथे कर्ता होते आणि ज्याला ती आवडते तो चतुर्थीत जातो. मला मात्र ते सरळ ‘मला आवडते’ असेच ऐकू येई. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे ‘माझे डोके दुखते’. तिथेही दुखणारे डोके हाच कर्ता. नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलणे आपल्याला नवे नाही. त द हे दंत्य उच्चार आपल्या तोंडी बसलेलेच असतात. जवळच्या माणसासाठी स्पॅनिशमध्ये ‘तू’ हाच शब्द आहे आणि आदरार्थी ‘उस्तेद’ कुठे वापरायचे हे ‘आपण’ आणि ‘तुम्ही’च्या सवयीमुळे आपोआप कळते. शिक्षिका उच्चारांचे कौतुक करत. केंद्रातली वयस्कर माणसे माझ्याशी थांबून गप्पा मारत. भाषा येऊ लागल्याचा तो आनंद खरा होता आणि आजही मला तो कमी लेखावासा वाटत नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी, केंद्र बंद व्हायच्या सुमारास, एक तरुण आई आठ महिन्यांच्या मुलीला पाठीशी बांधून बाहेर पडत होती. माझ्यापाशी थांबून तिने पिशवीतून औषधाची बाटली काढली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली. नियमाप्रमाणे मी तिला परत आत न्यायला हवे होते. परंतु बाटलीवरच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती, ती स्पॅनिशमध्येच होती आणि त्यातला प्रत्येक शब्द मला येत होता. मी स्पष्ट, सावकाश वाचून दाखवले : ‘कादा ओचो ओरास’, म्हणजे दर आठ तासांनी. मग विचारले, ‘एंतेंदियो?’ कळले का? ती म्हणाली, ‘सी’. हो. ती गेली आणि मी घरी जाताना ते छोटे संभाषण मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहिले, कारण कोणाच्याही मदतीशिवाय माझी स्पॅनिश त्या दिवशी कोणाच्या तरी खऱ्या कामाला आली होती.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. मूल रडून रडून थकलेले होते आणि एका हाताने सतत कान ओढत होते. मी अर्ज पुढे घेतला. ताप आहे का, या प्रश्नाला तिने ‘सी’ म्हटले. मुलीला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? ‘सी.’ मी थबकले, कारण आदल्या आठवड्याच्या अर्जात ‘नाही’ लिहिलेले होते. मग मी विचारले, ताप कधीपासून आहे? त्यावरही तिने मान हलवून तेवढ्याच हळू आवाजात ‘सी’ म्हटले. ‘कधीपासून’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर असू शकत नाही. त्या एका क्षणात मला आदल्या शनिवारचे ‘सी’ आठवले आणि पोटात गोळा आला.

तोच प्रश्न मोठ्या आवाजात पुन्हा विचारण्याची ऊर्मी अशा वेळी फार तीव्र असते. मी ती कशीबशी आवरली आणि वेगळे विचारले : ‘के इदियोमा आब्ला एन सु कासा?’ घरी तुम्ही कोणती भाषा बोलता? ती बराच वेळ गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, ‘दियालेक्तो’. बोली. मी त्या बोलीचे नाव विचारले तेव्हा तिने जे सांगितले ते मला ‘मामा’ असे, म्हणजे स्पॅनिशमध्ये आईसाठी वापरतात तसे ऐकू आले, आणि ती आपल्या आईविषयी काही सांगते आहे असे समजून मी दुसऱ्यांदा चुकले. तिने मान हलवली आणि ओठ घट्ट मिटून पुन्हा उच्चारले : ‘माम’.

माम ही ग्वातेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशातली माया कुळातली भाषा आहे. ग्वातेमालात अशा बावीस माया भाषा आहेत, शिवाय शिंका आणि गारिफुना आहेत. त्या सगळ्यांना तिथल्या २००३ सालच्या कायद्याने राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली आहे. मामचे व्याकरण वेगळे आहे, तिच्यात घशाचा दाब देऊन तुटक उच्चारली जाणारी व्यंजने आहेत, आणि स्पॅनिशशी तिचे नाते मराठीचे जेवढे आहे तेवढेही नाही, कारण मराठी आणि स्पॅनिश निदान दूरच्या का होईना एकाच भाषाकुळातल्या आहेत. अशा स्वतंत्र भाषेला ती बोलणाऱ्या माणसाने स्वतःच ‘बोली’ म्हणावे आणि तेही नजर खाली घालून, याचे कारण त्या माणसात नसते; ही भाषा बोलल्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या जी हेटाळणी वाट्याला आली, त्यात ते असते. मला हे सगळे नंतर वाचून कळले. त्या क्षणी मला फक्त एवढेच समजले की स्पॅनिश जशी माझ्यासाठी शिकलेली भाषा आहे तशीच ती तिच्यासाठीही आहे, आणि तिला ती माझ्याहूनही कमी शिकायला मिळाली आहे.

मी आत जाऊन परिचारिकेला सांगितले. मागच्या शनिवारी दाराशी मी चिठ्ठी वाचून दाखवली होती, हेही सांगितले. ते वाक्य तोंडातून निघणे कठीण होते, पण ते न सांगता पुढचे काहीच नीट सांगता आले नसते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, ‘नेमके काय वाचले?’ आणि ते माझ्या शब्दांसह कागदावर लिहून घेतले.

मामचा दुभाषी फोनवर मिळायला चाळीस मिनिटे लागली. मामची रूपे प्रदेशागणिक इतकी बदलतात की त्या सेवेने आधी गाव विचारले. आई उएउएतेनांगो प्रांतातली होती आणि तिकडचेच बोलणारे कोणीतरी हवे होते. जो दुभाषी मिळाला त्याला इंग्रजी येत नव्हते. म्हणून साखळी जोडावी लागली : डॉक्टर इंग्रजीत बोलणार, केंद्राची दुभाषी ते स्पॅनिशमध्ये सांगणार, फोनवरचा गृहस्थ स्पॅनिशमधून माममध्ये नेणार आणि उत्तर त्याच वाटेने उलटे परत येणार. मला मूल धरून बसण्यासाठी खोलीत थांबू दिले होते. एका प्रश्नाला एरवी दहा सेकंद लागतात तिथे दोन-दोन मिनिटे जात होती. फोनमधून पहिले माम वाक्य आले तेव्हा त्या आईने मान वर केली. गेले दोन शनिवार एकेका शब्दात उत्तरे देणारी ती बाई सलग, न थांबता बोलू लागली. तिचा आवाज भरदार होता, हे मला तेव्हा प्रथम कळले. दुभाष्याला तिला दोनदा थांबवावे लागले, एवढे तिच्याजवळ सांगण्यासारखे होते.

त्यातून उलगडले ते असे. मुलीच्या कानाला संसर्ग झाला होता आणि ते प्रतिजैविक दिवसातून तीन वेळा द्यायचे होते. माझ्या वाक्यातला ‘ओचो’, म्हणजे आठ, हा आकडा तिने बरोबर ओळखला होता. बाजारहाट करताना ऐकून ऐकून आकडे तिला येत होते. ‘ओरास’मुळे वेळेबद्दल काही आहे हेही तिला कळले होते. परंतु ‘कादा’, म्हणजे ‘दर’, हा छोटासा शब्द तिच्या हाती लागला नव्हता. तिने ते ‘आ लास ओचो’, म्हणजे ‘आठ वाजता’ असे समजून घेतले आणि रोज रात्री बरोबर आठ वाजता, एकदाही न चुकता, मुलीला औषध दिले. आठवडाभर त्या बाळाच्या पोटात ठरलेल्या मात्रेचा तिसरा हिस्सा जात होता. निष्काळजीपणा तिच्याकडून तिळमात्रही झाला नव्हता.

डॉक्टरांनी कान पुन्हा तपासला, औषध बदलून दिले आणि दोन आठवड्यांनी परत यायला सांगितले. मग परिचारिकेने जे केले ते मी डोळे मोठे करून पाहिले. त्यांनी ‘कळले का’ असे विचारलेच नाही. दुभाष्यांच्या साखळीतून त्यांनी विनंती केली की घरी हे औषध कसे देणार ते आम्हाला करून दाखवा. आईने मात्रा मोजण्याच्या नळीत औषध ओढले. ते किंचित जास्त झाले, ते दुरुस्त केले गेले. मग एका कागदावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी तीन चित्रे काढून त्याखाली दहा दिवसांच्या चौकटी आखल्या. आईने बोट ठेवून सूर्य, सूर्य, चंद्र असे माममध्ये सांगितले, ते फोनवरून उलटे स्पॅनिशमध्ये आले आणि इंग्रजीत पोहोचले, तेव्हाच परिचारिकेने पेन खाली ठेवले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी माझ्या स्पॅनिशच्या शिक्षिकेशी बोलले. वर्गात आम्ही महिनोन्‌महिने उत्तरे देण्याचा सराव करत होतो. प्रश्न विचारण्याचा सराव त्या मानाने फारच थोडा झाला होता आणि त्यातलेही बहुतेक प्रश्न हो-नाही मागणारे होते. ज्याला भाषा अर्धवट येते त्याला ‘हो’ म्हणून सुटका करून घेता येईल असा प्रश्न विचारला, की समोरच्याला काय कळले ते दोघांनाही समजत नाही. आम्ही मग जोड्या करून कधी, किती, कसे, कोण, दाखवाल का, या शब्दांनी सुरू होणारे प्रश्न घोटले. हे व्याकरण पहिल्या वर्षाचेच होते, पण ते योग्य वेळी तोंडात येण्यासाठी मला दोन शनिवार लागले. केंद्रातही नोंदणीच्या अर्जावर घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा रकाना शेवटच्या जागेवरून पहिल्या जागी आणला गेला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्या रकान्यात माझ्या हाताने मी ‘किचे’, ‘कान्होबाल’ आणि एकदा ‘मिश्तेको’ लिहिले. या सगळ्यांना मी पूर्वी ‘कमी बोलणारी माणसे’ समजले असते.

दोन आठवड्यांनी ती आई परत आली. मूल जागे होते आणि माझ्या पेनकडे झेपावत होते. तिने पिशवीतून तोच कागद काढला, चार घड्या पडलेला, कडेला औषधाचा गुलाबी डाग असलेला. प्रत्येक चौकटीत पेनने एकेक रेघ होती. फक्त एका रविवारी चंद्राखालची चौकट रिकामी होती. मी काही विचारण्याआधीच तिने त्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवले, बाळाकडे पाहिले आणि आपल्या स्पॅनिशमध्ये सांगितले : ‘से दुर्मियो’. झोपली होती.