ताईंच्या वडिलांनी करून घेतलेली तयारी

मी नाशिक जिल्ह्यात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक आहे. ग्रामपंचायतीत 2011 पासून महिलांना 50 टक्के आरक्षण झालं, तेव्हापासून महिला सरपंच भरपूर बघितल्या, पण बऱ्याच ठिकाणी ग्रामसभेत खुर्चीवर ताई आणि बोलणार नवरा नाहीतर दीर, हे मला फार खटकतं. आमच्या सरपंच ताई नव्यानेच निवडून आल्या होत्या. कामाला हुशार, खर्चाचे आकडे तोंडपाठ, पण समोर चार माणसं आली की आवाजच फुटायचा नाही. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा तोंडावर आली तर म्हणाल्या, भाऊसाहेब तुम्हीच वाचा अहवाल, मी नुसती बसते.

आदल्या संध्याकाळी त्यांचे वडील आले. बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारण्यात आयुष्य गेलेला माणूस. घाबरू नको, धीट हो, असं सगळेच सांगतात आणि त्याने काडीचा फरक पडत नाही, पण ते म्हणाले, "छाती धडधडणारच बाई. मी रिटायर झालो तवर पहिल्या ट्रॅक्टरला माझी धडधडायची. ती थांबायची वाट बघू नको, तशीच सुरू कर."

मग मारुतीच्या रिकाम्या सभामंडपात ताईंना उभं केलं आणि स्वतः पार शेवटच्या खांबाशी जाऊन बसले, मला ऐकू आलं पाहिजे म्हणाले. पहिली दोन वाक्यं पक्की पाठ, पुढचे फक्त आकडे चिठ्ठीवर, कारण सगळं वाचत बसलं की मान खाली जाते आणि आवाज कागदातच राहतो. आणि मला सगळ्यात पटलं ते हे की कुणी आडवा प्रश्न टाकला तर लगेच उत्तर द्यायचं नाही, लिलावात बोली परत पुकारतात तसा तो प्रश्न आपणच मोठ्याने परत म्हणायचा, तेवढ्यात सुचतं.

सभेत ताईंच्या हातातली चिठ्ठी थरथरत होती. मागून कुणीतरी "आवाज!" ओरडलं, त्या थांबल्या, श्वास सोडला आणि तेच वाक्य परत जोरात म्हणाल्या. मग प्रश्न आला, रस्ता सोडून पैसे पाण्यावर का घातले? दीर उठायला लागले तर ताईंनी हातानेच बसा म्हणून सांगितलं, प्रश्न परत म्हटला आणि म्हणाल्या, "पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी बंधित असतो, तो पाणी आणि स्वच्छतेलाच लागतो, रस्ता उरलेल्या 40 टक्क्यांत धरलाय, यादी बाहेर फळ्यावर लावलीय." प्रश्न विचारणारा खाली बसला. इतिवृत्तात ते उत्तर मी सरपंचांच्या नावाने लिहिलं, लिहिताना खरंच भरून आलं.

पुढच्या महिला ग्रामसभेआधी ताईंनी दोघीतिघींना अंगणवाडीच्या ओट्यावर असंच उभं केलं, आपण लांब जाऊन बसल्या. त्यातल्या एकीने सभेत स्वतः उठून गावातल्या दारूचा विषय मांडला, ठरावावर सूचक म्हणून तिचंच नाव आहे.