खाडा

नाशकात सातपूरला, त्र्यंबक रोडच्या जरा आत, एका झेरॉक्सवाल्याच्या माडीवर आमच्या कामगार संघटनेचं ऑफिस आहे. पुढारी भाषणं करतात, मी कागद करतो. एकोणीस वर्षं झाली. कुणाचं बोट प्रेसमध्ये गेलं, कुणाला टीबी निघाला, कुणावरून वारं गेलं, की त्या घरचा माणूस पिशवीत फायली कोंबून आमचा जिना चढतो. इएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, नियम मला आरतीसारखे पाठ आहेत. साध्या आजारपणाला वर्षात ९१ दिवस, रोजाच्या ७० टक्के. लांबलेलं आजारपण असेल तर ८० टक्के, जास्तीत जास्त ७३० दिवस. पण त्यासाठी आजार ३४ आजारांच्या यादीत असावा लागतो. क्षय, कुष्ठरोग, कॅन्सर, पार्किन्सन, किडनी निकामी होणं, अशी ती यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्या काचेवर वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणालो, "तुमचं यात नाही, ताई."

त्या जरा वेळ यादीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग यातला कोणता घेऊ?"

ती चेष्टा नव्हती. दुकानात हवा तो रंग नसला की आपण दुसरा कोणता आहे विचारतो, तसं त्यांनी विचारलं होतं. मला उत्तर सुचलं नाही. मी चहा सांगितला.

त्या अंबडला एका कारखान्यात स्विचच्या असेंब्लीवर. बारा वर्षांची नोकरी, लाइनवर हात सगळ्यात जलद. एप्रिल २०२१ मध्ये कोरोना झाला, घरातच बऱ्या झाल्या, ऑक्सिजनही लागला नाही. महिन्याभरानं कामावर गेल्या तेव्हा बायकांनी पेढे वाटले. आणि मग तो आजार गेलाच नाही. म्हणजे ताप गेला, खोकला गेला, चव परत आली. राहिलं ते वेगळंच. अंग ठणकणं, उभं राहिलं की धडधड, बोलताना साधा शब्द न सापडणं. "दमणं नाही हो भाऊ," त्या म्हणाल्या. "दमल्यावर झोप येते. हे झोपून उठल्यावर येतं."

फायलीत सहा केसपेपर होते आणि सहाही ठिकाणी एकच शेरा: जनरल वीकनेस. ताकदीच्या गोळ्या, आराम, आहार. माझा अनुभव असा की जनरल वीकनेसवर आठवडा मिळतो, वर्ष मिळत नाही. कागदाला आजाराचं नाव लागतं. शेवटी गंगापूर रोडवरच्या एका खासगी फिजिशियननी तासभर ऐकून घेतलं आणि नाव लिहून दिलं. पोस्ट-कोविड कंडिशन, आजारांच्या जागतिक यादीतला कोड यू ०९.९. खाली दुसरी ओळ, पोस्ट-व्हायरल फटीग सिंड्रोम, जी ९३.३. हा जी म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचा भाग, हे मला त्यांनीच समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये या कोरोनानंतरच्या दुखण्याची व्याख्याही केली आहे: लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कशानं समजावता न येणारी लक्षणं. ते डॉक्टर आणखी एक बोलले. याआधी कुणीतरी ताईंना रोज थोडं थोडं चालणं वाढवा म्हणून सांगितलं होतं, त्यानं त्या आणखी खाली गेल्या होत्या. इंग्लंडमध्ये या दुसऱ्या ओळीतल्या थकव्याच्या दुखण्याबद्दलच्या सरकारी मार्गदर्शनातून तो चढत्या व्यायामाचा उपचार २०२१ मध्ये काढून टाकला, असं ते म्हणाले. मग त्यांनी आपल्या म्हणीत सांगितलं, "अंथरूण पाहून पाय पसरा. आणि अंथरूण रोज मोजा, कारण ते रोज सारखं नसतं."

नाव मिळालं तरी यादी तीच होती. पण ३४ आजारांच्या बाहेर, दुर्मीळ पण उपचार होण्यासारख्या दुखण्याला मेडिकल बोर्डाच्या शिफारशीवरून वरच्या पातळीवर खास मंजुरी देता येते, अशी नियमांत एक तरतूद आहे. एकोणीस वर्षांत मी ती दोनदाच वापरली असेन. दोन वर्षांची सलग नोकरी, आधीच्या चार हप्ता-कालावधींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी, ही अट ताईंची भरत होती. ९१ दिवस मात्र संपले होते. फाइल केली, तारीख पडली.

आता त्या दिवसाचं सांगतो, कारण त्यात चूक माझी आहे.

मार्चचा मधला आठवडा. मी अकराला बोर्डाच्या दारात उभा, आणि समोरून ताई आल्या त्या इस्त्रीची साडी, वेणी, कपाळाला टिकली, हातात द्राक्षांची पिशवी. "दिंडोरीहून आणलीत, तुमच्यासाठी." लिफ्ट बंद होती, दोन मजले चढल्या. आत गेल्या, सरळ बसल्या, विचारलं त्याची नीट उत्तरं दिली. डॉक्टरांनी हातपाय ओढून-ढकलून बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली, बोटाला चिमटा लावला. ताकद पाचपैकी पाच. ऑक्सिजन ९८. छातीचा फोटो स्वच्छ. जे समोर होतं ते त्यांनी लिहिलं: हलकं काम करू शकतात. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

बाहेर आल्यावर मी मात्र चिडलो. इतक्या खटपटीनं केलेली फाइल. मी म्हणालो, "अहो ताई, आज तरी जरा आजारी दिसायचं होतं!"

त्या काही बोलल्या नाहीत. जिना उतरायला लागल्या. चौथ्या-पाचव्या पायरीवर कठडा धरून उभ्या राहिल्या, मग पुन्हा चालू लागल्या. मी द्राक्षं घेऊन ऑफिसात आलो.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात एक खडा होताच. कारखान्याच्या मस्टरची नक्कल मी बघितली होती. त्यात ताईंचे खाडे बहुतेक सोमवारी-मंगळवारी. सोमवारी खाडा करणारा म्हणजे रविवारी रात्री बसणारा, असा आमच्या एमआयडीसीतला जुना हिशेब. बायकांच्या बाबतीत तो चालत नाही, पण मग सुपरवायझर म्हणतो, माहेरी राहून येतात. सुपरवायझर हे म्हणालाच होता, आणि मी त्याला फारसं उलट बोललो नव्हतो.

दोन दिवसांनी फेरतपासणीच्या अर्जावर सही हवी होती म्हणून सिडकोत त्यांच्या घरी गेलो. दार सासूबाईंनी उघडलं. सत्तरीच्या, सटाण्याकडच्या. बोटानंच म्हणाल्या, हळू बोला. आतल्या खोलीच्या खिडकीला चादर लावली होती. ताई पलंगावर आडव्या, डोळ्यांवर ओढणी. तीच वेणी, दोन दिवसांपूर्वीची, न सोडलेली. मी सही म्हणालो तेव्हा त्यांनी पेन धरलं आणि पहिलं अक्षर काढून थांबल्या. पुढचं अक्षर आठवत नव्हतं. स्वतःच्या नावातलं.

"बोर्डाला जायचं म्हणून चार दिवस पडून होती," सासूबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या. "भांड्याला हात लावू दिला नाही मी. आवरून गेली चांगली. आता हे आठवडाभर चालंल."

"तुम्हाला कसं माहीत, आठवडाभर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी दूध कशाचं असतं विचारलंय. मग भिंतीकडे हात केला.

भिंतीवर कॅलेंडर होतं. आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसंच. प्रत्येक चौकोनात दुधाचा आकडा, एक, दीड, आणि दूधवाला आला नाही त्या दिवशी 'खाडा'. सासूबाई शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, पण दुधाच्या हिशेबात एक थेंब इकडे-तिकडे होऊ देणार नाहीत. त्याच चौकोनात, दुधाच्या आकड्याखाली, लाल पेन्सिलीनं फुल्या होत्या. सून उठली नाही त्या दिवशी फुली. आणि फुल्यांच्या आधीच्या चौकोनात एखादा शब्द. 'गोधड्या धुतल्या.' फुली, फुली. 'पाहुणे.' फुली, फुली, फुली. 'लग्न सटाणा.' पुढे ओळभर फुल्या. आणि कितीतरी रविवारी, कारण घरची मोठी कामं रविवारीच निघतात.

मी खिळ्यावरून कॅलेंडर काढलं. त्याच खिळ्यावर मागे गेल्या वर्षाचंही होतं. दोन्ही घेऊन आलो. सासूबाई "दुधाचा हिशेब आहे त्यात" म्हणाल्या, मी "आणून देतो" म्हणालो.

ती रात्र मी ऑफिसातच होतो. एका बाजूला मस्टर, दुसऱ्या बाजूला कॅलेंडर. कारखान्याचा सोमवारचा खाडा आणि घरची लाल फुली एकावर एक बसत होती, आणि तिच्या आधी एक-दोन दिवस काहीतरी काम लिहिलेलं. मला आणखी एक गोष्ट दिसली, जी मी आधीच बघायला हवी होती. आजारपणाचे पहिले दोन दिवस विम्यात धरत नाहीत. आधीच्या आजारपणाला पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तरच ते दोन दिवस सुटत नाहीत. ताई दोन दिवस पडायच्या, तिसऱ्या दिवशी रेटून कामावर जायच्या, सर्टिफिकेट आणायचं त्राण नसायचं. म्हणजे दीड वर्ष त्या नेमक्या त्या न मोजल्या जाणाऱ्या दोन दिवसांत आजारी होत्या. सगळं एका मोठ्या कागदावर उतरवलं. खाली झेरॉक्सवाल्यानं कॅलेंडरची पानं काढून दिली. लाल फुल्या काळ्या आल्या, म्हणून मूळ प्रत बरोबर ठेवायचं ठरलं.

फेरतपासणी एप्रिलच्या सुरुवातीला, रंगपंचमी होऊन गेल्यावर. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारलेला माझा पुतण्या गाडी चालवत होता, त्याच्या कानामागचा रंग अजून निघाला नव्हता. यावेळी बोर्डावर एक वयस्क मॅडम होत्या. त्यांनी माझा तक्ता बाजूला ठेवला आणि कॅलेंडरच मागितलं. पानं उलटत गेल्या. मध्येच हसल्या, "ऑगस्टात दूधवाल्यानं फार खाडे केले." मग एका जागी थांबल्या. "हे 'लग्न सटाणा' म्हणजे जेवायला गेल्या होत्या की कामाला?"

"जेवायला," ताई म्हणाल्या. "पंगतीला बसले, एवढंच."

मॅडमनी त्यांना दहा मिनिटं आडवं केलं आणि नाडी घेतली: ७४. मग भिंतीला टेकून उभं केलं आणि दर मिनिटाला मोजत राहिल्या. दहाव्या मिनिटाला ११२. मग मुठीत दाबायचं एक यंत्र दिलं: २१ किलो. मॅडमनी सगळं लिहिलं आणि पेन टोपणात घालत म्हणाल्या, "उद्या याच वेळी परत आणता येईल का?"

मला कळलं त्या काय करतायत. ताईंनाही कळलं. मी नको म्हणणार होतो. त्या म्हणाल्या, "येते."

दुसऱ्या दिवशी त्या पुतण्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडव्या आल्या. साडी नव्हती, गाऊनवर शाल. उतरता येईना. मी वर जाऊन सांगितलं तर मॅडम यंत्र घेऊन स्वतः दोन मजले उतरल्या आणि पार्किंगमध्ये, गाडीच्या दारात वाकून त्यांनी तपासलं. पडल्या पडल्या नाडी ९०. गाडीला टेकून उभं केलं. चौथ्या मिनिटाला १३० झाली आणि ताईंचा गुडघा वाकला, तिथं त्यांनी थांबवलं. मूठ: १२ किलो. कालच्या त्याच बाई, तोच हात. गाड्या मागे-पुढे होत होत्या, वॉचमन शिट्टी मारत होता, मॅडम बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होत्या.

त्यांनी शिफारस लिहिली. मी ती तिथंच दोनदा वाचली. 'पहिल्या दिवशीच्या तपासणीवरून कार्यक्षमतेचा अंदाज करता येत नाही,' असं त्यात होतं.

शिफारस वर गेली आहे. उत्तर आल्यावर कळेल. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. या दुखण्याचं नाव त्या एकवीसांतही नाही, पण मज्जासंस्थेचे जुनाट आजार आहेत, त्यातून वाट काढता येईल का बघता येईल. दिव्यांगत्व चाळीस टक्के भरलं तर पुढच्या सवलती. मी तो अर्ज अजून भरलेला नाही. कारण त्या दोन दिवसांच्या तपासणीनंतर ताई अकरा दिवस उठल्या नाहीत. सासूबाईंनी फोनवर मला आकडाच सांगितला. "पुरावा मिळाला ना तुम्हाला? अकरा फुल्या. भाकऱ्या मी थापतेय." आणखी एक बोर्ड म्हणजे आणखी किती फुल्या, ते ताईंनीच ठरवायचं आहे. त्या म्हणाल्यात, पावसाळा जाऊ द्या.

काल पुन्हा सासूबाईंचा फोन. मी म्हटलं, मावशी, वरून अजून काही आलं नाही.

"ते नाही विचारत," त्या म्हणाल्या. "माझं कॅलेंडर कुठंय? दूधवाला मार्चचे एकतीस दिवस लावतोय. त्यानं चार खाडे केलेत."

कॅलेंडर फायलीबरोबर वर गेलं होतं. मी झेरॉक्सवर भिंग धरून मार्चचे चौकोन मोजले. चार नव्हते, पाच होते.