आमची वाटचाल : घड्याळापासून वजनकाट्याकडे

फळं आणि भाज्या सुकवून विकण्याचा आमचा उद्योग घरगुती डिहायड्रेटरवरच, म्हणजे गरम हवेने पदार्थ सुकवणाऱ्या छोट्या यंत्रावरच, उभा राहिला आणि आजही त्याच आकाराच्या यंत्रांवर चालतो. यंत्रं वाढली, पण काम सुधारलं ते बिघडलेल्या बॅचेसमुळे. म्हणून इथे त्यांचाच हिशेब मांडतो.

पहिली मोठी चूक तापमानाची. लवकर उरकावं म्हणून ७५ अंशांवर लावलेली सफरचंदं वरून छान कडक झाली आणि बरणीत भरल्यावर दोन दिवसांत काचेला आतून दव आलं. याला ‘केस हार्डनिंग’ म्हणतात. पृष्ठभागावरचं पाणी इतक्या झपाट्याने जातं की आतलं पाणी बाहेर पोचण्याआधीच वरचा थर घट्ट बसतो. मग कितीही तास चालवा, ओल आतच अडकते आणि पुढे बुरशी धरते. तेव्हापासून फळांना ५७ अंश, भाज्यांना ५२, पालेदार मसाल्यांना ३५ ते ४०. यंत्राच्या तापमान लावायच्या चकतीवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. ट्रेवर साधा थर्मामीटर ठेवून एकदा पडताळा घ्याच. सुरुवातीला पाणी उडत असल्यामुळे फोड हवेपेक्षा थंड राहते. शेवटच्या टप्प्यात पाणी संपत आलं की ती हवेइतकी तापते आणि बघता बघता करपट होते. लक्ष द्यायचं ते शेवटच्या तासांत.

दुसरी चूक घड्याळाची. पुस्तिकेत सफरचंदाला ‘६ ते १२ तास’ असं लिहिलेलं असतं. नेमकं कुठे थांबायचं? दमट हवेत तीच फोड कितीतरी जास्त वेळ घेते. म्हणून आम्ही वजनावर आलो. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे ४०० ग्रॅम चकत्यांत घन भाग ६० ग्रॅम. सुकलेल्या फळात २० टक्के ओल चालते, तेव्हा ६० ला ०.८ ने भागलं की ७५ ग्रॅम. रिकाम्या ट्रेचं वजन वजा करून आकडा ७५ च्या आसपास आला की बघायला घ्यायचं. भाज्यांत ओल १० टक्क्यांपर्यंत खाली न्यावी लागते. गाजरात ८८ टक्के पाणी धरलं तर ४०० ग्रॅमचे ५३ ग्रॅम होतात. गाजराचं वजन वाफवण्याआधीच करा, नाहीतर फोडींना लागलेलं पाणीही मोजलं जातं. पाण्याचं प्रमाण फळागणिक थोडं बदलतं, म्हणून शेवटचा निकाल बोटांचाच. एक फोड थंड करून मधोमध कापायची आणि दाबायची. पाण्याचा थेंब दिसता कामा नये, दुमडल्यावर स्वतःला चिकटता कामा नये. भाजीची फोड मात्र कडकन मोडलीच पाहिजे. वातड राहिली तर परत ट्रेवर.

काप ६ मिलिमीटरचे, सगळे सारखे. हाताने कापलं की एक चकती ३ मिलिमीटरची, शेजारची ८ ची. पहिली करपते तेव्हा दुसरी ओलीच असते. यंत्रानंतर आमचा सर्वांत उपयोगी खर्च स्लायसरचा.

सफरचंद, केळं काळं पडू नये म्हणून अर्धा लिटर पाण्यात ३ ग्रॅम, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, क जीवनसत्त्वाची पूड विरघळवून ३ ते ५ मिनिटं बुडवतो. तेच पाणी दोनदा चालतं, तिसऱ्यांदा नवं. द्राक्षांवर मेणासारखा थर असतो, त्यातून पाणी निघत नाही. उकळत्या पाण्यात ३० सेकंद आणि लगेच गार पाण्यात टाकली की सालीला बारीक चिरा जातात. गाजराला ३-४ मिनिटं वाफ द्यायची, नाहीतर त्यातली एन्झाइम्स सुकल्यावरही काम करत राहतात आणि रंग, चव उतरते. कांदा, टोमॅटो, मशरूम यांना वाफ लागत नाही.

पंखा खाली असलेल्या यंत्रात खालचा ट्रे आधी वाळतो, म्हणून दर दोन तासांनी ट्रेंची अदलाबदल करावी लागते, शिवाय वरचा रस खाली ठिबकतो. मागे पंखा असलेलं यंत्र आमच्या मते सरळ सरस. कांदा मात्र कुठल्याही यंत्रात एकटाच वाळवा. कांद्याच्या वासाचं केळं कोणी दुसऱ्यांदा मागत नाही!

फळाच्या गराची पोळी करताना कागदावर गर कडेला ६ मिलिमीटर आणि मधे ३ ठेवतो, कारण कडा आधी सुकून तडकतात.

भरण्याआधी अर्धा-एक तास गार करायचं. गरम भरलं तर घाम सुटतो, फार वेळ उघडं राहिलं तर सादळतं. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. फळं काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून ७ ते १० दिवस झाकून ठेवायची आणि रोज हलवायची. जास्त ओल्या फोडींतलं पाणी कोरड्या फोडींत जातं आणि बरणी एकसारखी होते. या दिवसांत काचेवर एक जरी थेंब दिसला तर सगळी बरणी परत यंत्रात, आणि बुरशीचा ठिपका दिसला तर सगळी बरणी कचऱ्यात. तेवढाच ठिपका काढून बाकी वापरायचं नाही.